पुढचा येऊ दे

आमच्या सरांनी आयुष्यात कुणाला 'घेऊन टाक' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. त्यांचं वाक्य एकच होतं, "पुढचा येऊ दे." लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस त्यांना भेटला की ते हे वाक्य म्हणत, आणि तो माणूस अपघातातून वाचल्यासारखे त्यांचे आभार मानून घरी जाई. मीही आभार मानलेत. ही कबुली आधीच देऊन टाकते, कारण पुढं मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे त्यात गोडवा फारसा नाही.

क्रांती चौकाजवळ, एका चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ते क्लासेस होते. घरांचे आणि प्लॉटिंगचे नकाशे संगणकावर काढायला तिथं शिकवत. शिकवणारे आमचे सर. संगणक आठ, त्यातले चालू पाच, आणि पाचांचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरत. सर आत आले की आधी त्या संगणकांकडे तिरस्कारानं बघत. "ही यंत्रं मेलेली आहेत. मेलेल्यावर काय शिकणार?" असं म्हणून ते फळ्याकडे वळत आणि खडूनं एक मोठा चौकोन काढत. त्यात चार लहान चौकोन. मग बाण. "हा आत्ताचा प्रोसेसर. पुढच्या पिढीत हे दोन इथं सरकणार, मधली जागा मोकळी होणार, उष्णता कमी." खोलीची भिंत कशी काढायची हे शिकायला आलेली आम्ही पोरं दोन महिने त्या चौकोनाकडे बघत बसलो. भिंत, दार, जिना, हे सगळं मी शिकले ते सर रजेवर असायचे त्या दिवसांत.

त्यांच्या खिशात एक लहान डायरी असे. तीत येणाऱ्या प्रोसेसरांची नावं आणि समोर महिने. हे सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं, कारण महिने बदलत. एप्रिल खोडून जुलै, जुलै खोडून दिवाळी. खोडून खोडून कागद इतका पातळ झाला होता की पलीकडची दिवाळी अलीकडून दिसे.

संध्याकाळी क्लास सुटला की सरांची फेरी निघे. चौकापासून चार दुकानं सोडून लॅपटॉपचं एक दुकान होतं. मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. सर आत जात, मांडून ठेवलेला लॅपटॉप चालू करत, दहा मिनिटं थांबत, मग तो उचलून त्याच्या बुडाला तळहात लावत. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसं. डोळे मिटत. आणि मान हलवत, "तापतोय."

"आओ सर," चाचा म्हणत, "आज भी हात लगाके जाओगे?"

"पुढचा येऊ दे चाचा. मग बघा मी कसा घेतो."

"सर, तुम्हारे पुढचे की राह देखते देखते मेरी दाढी पक गई."

सगळे हसत. सरही हसत. त्यांना यात आपली थट्टा होतेय असं कधी वाटलंच नाही. आपण खरेदीच्या मोहावर जय मिळवलेला माणूस आहोत, असाच भाव त्यांच्या चेहऱ्यावर असे. रस्ता ओलांडतानाही तेच. सिग्नल हिरवा झाला की पहिल्या लोंढ्याला ते जाऊ देत. "घाईवाले जाऊ देत आधी." तोवर पुन्हा लाल. एकदा मी त्यांच्याबरोबर तीन वेळा लाल झालेला दिवा पाहिलाय.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, सर्टिफिकेटवर सही घ्यायला. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. शहरात नळाला पाणी कधी येईल ते वॉर्डातला पाणी सोडणाराच जाणे. आमच्या भाड्याच्या खोलीत तीन मुली मिळून एका ड्रमवर दिवस काढत होतो. आणि सरांच्या घरी? अंगणात जमिनीखाली हौद, गच्चीवर दोन काळ्या टाक्या, शिवाय बोअर. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला पाण्याचा तांब्या भरून दिला, वर आणखी हवंय का विचारलं. तांब्या तोंडाला लावताना माझ्या मनात आलं, या माणसाला थांबायला काय जातंय? थांबायला टाकी लागते.

काकू खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. मी म्हटलं, "काकू, मिक्सर बंद पडला का?"

"चालू कधी होता? नव्या मोटारीचा येणार आहे म्हणतात हे. मुलगा शाळेत होता तेव्हापासून येतोय. आता मुलगा पुण्यात नोकरीला आहे." त्यांनी बत्ता जोरात आपटला. "लग्नाची तारीखही पुढं ढकला म्हणत होते. माझ्या वडिलांनी ऐकलं नाही, नाही तर सुटले असते मी."

सर आतून म्हणाले, "ऐकू येतंय मला."

"यावं म्हणूनच बोलतेय."

मग काकूंनीच हळू आवाजात सांगितलं. पूर्वी कधी तरी सरांनी एक संगणक घेतला होता, मोठा, टेबलावरचा. पंधरा दिवसांत त्याच किमतीत दुप्पट चांगला बाजारात आला. कामावर लोक महिनाभर हसले. तो संगणक प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर आहे. काढू देत नाहीत, विकू देत नाहीत. ऐकून मला क्षणभर कीव आली. आज येत नाही. एकदा लोक हसले म्हणून जन्मभर इतरांना उपाशी बसवायचा हक्क कुणाला मिळत नाही.

आता माझं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे मामा मोर्चात वाटायला ती नेत आणि उरलेले गठ्ठे आमच्याकडे टाकत. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' पासून. पत्रकात 'थांबा' हा शब्द नसतो. तिथं 'उठा' असतं, 'चला' असतं, 'जाब विचारा' असतं. अशा कागदांवर वाढलेली मुलगी सरांच्या एका 'थांब'ला भुलली, याची लाज मला अजून वाटते.

बीड बायपासवर एका आर्किटेक्ट मॅडमचं ऑफिस होतं. शहर तेव्हा बायपासच्या पलीकडं सांडत चाललं होतं. काल जिथं ज्वारीची धसकटं होती तिथं आज चुन्याच्या रेघा आणि 'प्लॉट उपलब्ध'ची पाटी. मॅडमकडे कामाचा ढीग पडला होता. माझे नकाशे बघून त्या म्हणाल्या, "टेबल माझं, खुर्ची माझी, काम माझं. लॅपटॉप तुझा. घेऊन ये आणि बस. पण गुढीपाडव्यापर्यंत. त्यानंतर मी दुसरं कुणी बघीन." ही दिवाळीआधीची गोष्ट.

लॅपटॉप आमच्याकडे होता. फक्त तो सात नर मेंढरांच्या रूपात कन्नडच्या घाटावर चरत होता.

आम्ही मेंढपाळ. आमच्यात बचत बँकेत जात नाही, कळपात राहते. घेण्याची वस्तू ठरली की तेवढी जनावरं बाजूला काढायची, त्यांच्या पाठीवर खूण करायची, आणि वस्तू घ्यायच्या आठवड्यातच ती विकायची. आधी विकली तर पैसा पाहुण्यात, औषधात, कुठंही जिरतो. जनावर कसं, दिसतं. त्याला कुणी हात लावत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सात नरांच्या पाठीवर निळ्या रंगाची रेघ ओढली होती. मेंढरं बसवायच्या वाड्यावर त्यांना सगळे 'ल्यापटाप' म्हणायचे. आई ओरडायची, "आरं, त्या ल्यापटापाला पानी दावा आधी!"

दिवाळीआधी आबांचा फोन आला. "सिल्लोडचा व्यापारी आलाय. भाव बरा देतोय. देऊ का?"

मी सरांकडे धावले. सरांनी डायरी काढली. पानं उलटली. "अगं, वेडी आहेस का? नव्या पिढीचा प्रोसेसर जानेवारीत येतोय. तुझं काम नकाशांचं. आत्ता घेतलास तर तीन महिन्यांत जुना. पुढचा येऊ दे."

मी आबांना फोन लावला. "आबा, थांबा. नवं येतंय."

"काय नवं येतंय?"

"त्याच्या आतलं डोकं."

"जुनं डोकं चालत नाय व्हय?"

"चालतं. पण लई तापतं."

"डोकं हाय, तापंलच की," आबा म्हणाले. "बरं. तू शिकलेली हाईस. सर म्हनत्यात तर थांबू."

जानेवारी आला. प्रोसेसरही आला. सर म्हणाले, "पहिल्या खेपेत घ्यायचा नसतो. पहिल्या खेपेत दोष असतात. ज्यांना घाई आहे ते घेतील, त्यांचे दोष कळतील, मग आपण घ्यायचा. मार्च." खोडरबरानं जानेवारी गेला आणि त्या जागी मार्च आला.

घाटावर तेव्हा काय चाललं होतं ते मला फोनवरून तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं. पाझर तलाव आटला. गावाला टँकर लागला, पण टँकर माणसांचा, मेंढरांचा नव्हे. आबा कळप घेऊन घाट उतरून खाली गेले. तिथंही आमच्यासारखेच शंभर कळप. मेंढराचं आधी पोट खपाटीला जातं, मग पाठ. आबा रोज संध्याकाळी निळ्या रेघेवर तळहात ठेवून दाबत. मणका हाताला किती लागतो त्यावरून त्यांना कळतं जनावर किती उरलंय. डोळे मिटावे लागत नाहीत, डायरी लागत नाही. ते मला म्हणाले, "पोरी, तुजा ल्यापटाप दर आठवड्याला उतरतोय. तुज्या त्या डोक्याला म्हनावं, लवकर ये."

आणि मी काय उत्तर दिलं? "मार्चला नक्की आबा." पत्रकांत ज्यांना 'तारीख पे तारीख देणारे' म्हणून शिव्या दिलेल्या असत, त्यांच्याच भाषेत मी माझ्या बापाला तारीख देत होते.

पाडवा आठ दिवसांवर आला तेव्हा आबाच शहरात आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, उन्हानं ओठ फुटलेले. "चल, कुटं हाय ते दुकान?" मी त्यांना चाचांच्या दुकानात नेलं. संध्याकाळ होती, म्हणजे सर तिथं असणारच. होते. लॅपटॉपच्या बुडाला तळहात लावून डोळे मिटून उभे.

मी ओळख करून दिली. आबांनी हात जोडले. "रामराम सर. पोरगी लई नाव घेती तुमचं."

"हुशार आहे मुलगी," सर म्हणाले. "घाई करायची नाही, एवढंच मी तिला सांगतो."

"व्हय. आमी नाय केली घाई." आबांनी दुकानभर नजर फिरवली. "तुमच्याकडं कंचा हाय, सर?"

"माझ्याकडे म्हणजे?"

"ल्यापटाप. तुमी सोताला घेतलेला."

सर जरा चमकले. "मी अजून घेतला नाही. मी थांबलोय."

"किती दिस झाले?"

"आठ... नऊ वर्षं होतील."

हे मला माहीत नव्हतं. शप्पथ सांगते, माहीत नव्हतं. ज्याच्या शब्दावर आम्ही मेंढरं विकायचं थांबवलं, त्या माणसानं लॅपटॉप कधी घेतलाच नव्हता. विहिरीत न उतरलेल्या माणसाकडून आम्ही पोहणं शिकत होतो. चाचा दाढी खाजवत कॅल्क्युलेटरकडे बघत राहिले. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक असणार.

आबा मात्र शांत होते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "मंग त्याचा पैसा कुटं ठिवलाय तुमी? नऊ वर्सं?"

"बँकेत. एफडीत."

"तिथं वाढतोय?"

"वाढतो ना! म्हणून तर सांगतो, थांबल्यानं दोन्हीकडून फायदा. इकडे किंमत उतरते, तिकडे पैसा वाढतो."

आबांनी मान डोलावली. अगदी मनापासून. "बराबर हाय. तुमचं मेंढरू चरत नाय. पानी पीत नाय. थांबलं की फुगतंय." मग ते जरा खाकरले. "आमचं सात व्हते. दोन घाटात बसले ते उठलेच नाय. पाच दिले, ते दोनाच्या भावात."

आवाजात राग नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं. सर म्हणाले, "अरेरे." आणि मग, हे मी विसरणार नाही, ते म्हणाले, "मग आता घाई कशाला करता? पाऊस पडू दे."

मी सरांना काही बोलायच्या आत आबांनी मला हातानं थोपवलं. मी विचारलं, "आबा, मग आज घेणार कशानं?"

"आनलंय."

"कुठनं?"

"चार दिल्या."

"चार काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुकानाबाहेरच्या रिक्षांकडे बघत म्हणाले, "गाभन व्हत्या."

मेंढपाळ गाभण मेंढी विकत नाही. अडला तर घोंगडं विकेल, कानातलं विकेल, पण गाभण मेंढी नाही. ती विकली म्हणजे पुढच्या सालचा कळपच विकला. हे मी सरांना कसं सांगू? त्यांच्या डायरीत त्याला रकाना नव्हता. मी तिथं उभी होते आणि माझे कान तापले होते. पाच महिन्यांपूर्वी फोनवर 'द्या आबा' एवढे दोन शब्द म्हटले असते तर त्या चौघी घाटावर असत्या.

चाचा उठले. त्यांनी सर रोज हात लावत तोच मांडणीतला लॅपटॉप काढला आणि आबांसमोर ठेवला. "ये ले जाओ बाबा. डिस्प्ले का है, कम में देता. चलता एकदम मस्त." मग सरांकडे बघून म्हणाले, "सर का रोज का हात लगा हुआ है. इससे ज्यादा चेकिंग किसकी होती?"

लॅपटॉप उलटा केला तर खरंच, बुडाला तळहाताएवढा एक गुळगुळीत डाग पडला होता. सर पुढं झाले. "अहो, हा मागचा आहे! नवा त्याच किमतीत—"

आबांनी लॅपटॉपच्या पाठीवर आपला पंजा ठेवला. मेंढराच्या पाठीवर ठेवतात तसाच. जरा दाबला. "पाठ भरलेली हाय," ते म्हणाले. "बांधा."

मग त्यांनी कनवटीची रंगाची लहान डबी काढली, बोट बुडवलं आणि लॅपटॉपच्या झाकणावर इकडून तिकडं एक निळी रेघ ओढली.

सर किंचाळले. "अहो! अहो, काय करताय! वॉरंटी जाईल!"

पाडव्याच्या दोन दिवस आधी मी मॅडमच्या ऑफिसात बसले. मॅडमनी रेघेकडे बघितलं आणि पहिला सातबारा आणि मोजणीचा नकाशा पुढं टाकला. लॅपटॉप तापायचा. उन्हाळ्यात तर असा तापायचा की मी त्याखाली दोन पेन आडवे ठेवायचे. तापत तापत त्यानं माझ्या धाकट्या भावाची फी भरली.

त्यावर मी नकाशांखेरीज पहिली गोष्ट लिहिली ती सरांविरुद्धचं पत्रक. दुसरं मला येतंय काय? 'थांबा म्हणणाऱ्यांची टाकी भरलेली असते' हे त्याचं शीर्षक. एका पानाचं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. क्लासच्या जिन्यात उभी राहून मी ते वाटलं. पहिली प्रत सरांना दिली.

सरांनी ते जिन्यातच उभं राहून वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, मागची बाजूसुद्धा. मग खिशातून पेन्सिल काढली. दोन ठिकाणी राहिलेले अनुस्वार दिले. एक वाक्य अधोरेखित केलं. मला वाटलं, आता बोलतील. आता चिडतील, नाही तर रडतील, निदान काकूंविषयी लिहिलं म्हणून तरी ओरडतील.

"मुद्दा चांगला आहे," सर म्हणाले. "पण छापायची घाई केलीस."

आणि कागद नीट दुमडून डायरीत ठेवून ते वर शिकवायला गेले. फळ्यावर चौकोन काढल्याचा खडूचा आवाज मला जिन्यात ऐकू आला. काही माणसांवर पत्रकाचा वार होत नाही. मी मोठ्या मोर्चांतून हे शिकले नव्हते, त्या जिन्यात शिकले.

मेंढ्या त्या चारच उरल्या होत्या; पुढची दोन वर्षं आमच्या वाड्यात कोकराचा आवाज नव्हता. आबा त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत, आणि म्हणूनच मी ती दोन वर्षं सरांना माफ केलेली नाहीत. स्वतःलाही नाहीत. मग नकाशांच्या कमाईतून मी दोन मेंढ्या घेऊन दिल्या. यंदा त्या व्यायल्या. फोनवर आबांचा आवाज पोरासारखा झाला होता. "दोन कोकरं हायत. रंग संपलाय. येताना निळी डबी आन."

डबी घेऊन क्रांती चौकात आले तर सिग्नलला सर उभे. केस पांढरे, शर्ट मात्र इस्त्रीचा. क्लास बंद झाला होता, म्हणाले. माझ्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग त्यांनी लगेच ओळखली आणि बाहेरूनच तिच्या बुडाला तळहात लावला.

"अजून तोच?"

"तोच."

"जुना झाला असेल."

"झाला की सर. रोज वापरला."

ते त्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या डबीकडे गेलं होतं. त्यांनी ती घेतली, चष्मा वर केला, मागचं बारीक छापलेलं वाचलं. "हा पाण्यानं जातो गं. पक्का रंग येणार आहे म्हणतात आता. थोडं थांबलीस तर पुढचा—"

मी डबी त्यांच्या हातातून काढून घेतली. दिवा हिरवा झाला होता. कन्नडची गाडी सुटायला पंधरा मिनिटं होती. वाड्याशेजारी कालच दुसरा कळप उतरला होता, आणि कोकरं त्याच्यात मिसळायच्या आत आबांना रेघ ओढायची होती.